डबी म्हणते हवा चांगली आहे

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. (डाव्या गुडघ्यामुळे आठपैकी दोन-तीन अंगं जमिनीला टेकत नाहीत, तेवढी तुम्ही मनाने टेकवून घ्या. तुम्ही माझ्याहून अकराच महिन्यांनी मोठे, पण बायकोचा थोरला भाऊ म्हटल्यावर अकरा महिने काय आणि अकरा वर्षं काय.) तुमची कंबर धरली होती ती सुटली का? वहिनींचा खोकला कसा आहे? जागा बदलली की तुमच्या बहिणीला झोप लागत नाही, हा आमच्या अडतीस वर्षांच्या संसारातला अनुभव. पण तुमच्याकडे ती रात्री नऊला जी आडवी होते ती सकाळी सहालाच उठते, असं तुमच्या सूनबाईंकडून कळलं. ऐकून आनंद झाला. आनंद झाला असं लिहिताना जरा त्रासही झाला, तोही कळवतो.

पत्र लिहायचं कारण हवा. तिला तुमच्याकडे येऊन आज एकोणीस दिवस झाले. ती भांडून आलेली नाही, आणि तसं ती सांगत असेल तर ते खरं नाही. भांडायला दोघांनी बोलावं लागतं आणि शेवटचे चार दिवस आमच्यात फक्त खिडक्या बोलत होत्या. निघताना ती उंबऱ्यात म्हणाली, या घरात श्वास घेता येईल तेव्हा येईन. रोज फोन करतो. उचलते तीच. आकडा किती, एवढंच विचारते. मी आकडा सांगतो आणि ती फोन ठेवते. तिने परत यावं अशी माझी इच्छा आहे, हे तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला सांगायला नको. (स्वयंपाकाचा यात काही संबंध नाही. मला आता बटाटे उकडता येतात.) पण ती येण्याआधी घरातली हवा नीट व्हायला हवी, आणि हवा नीट आहे की नाही हेच मला समजेनासं झालं आहे. तुम्ही आयुष्यभर शीतगृहाची दारं सांभाळलीत. कुठलं दार किती उघडावं आणि कधी लावावं यात तुमचा हात धरणारा आपल्या दोन्ही घरांत कुणी नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

थंडी सुरू झाली तेव्हा वीज कंपनीचं एक पत्रक आलं. त्यात एका घराचं चित्र होतं आणि घराच्या फटीफटींतून लाल बाण बाहेर पळत होते. ते बाण म्हणजे आपली ऊब. आपण हीटर लावायचा आणि बाणांनी रस्ता गरम करायचा, असा तो कारभार. मला ते पाहवेना. मी मेणबत्ती पेटवून घरभर फिरलो. ज्योत जिकडे झुकेल तिकडे फट. खिडक्यांच्या चौकटींना फोमच्या पट्ट्या लावल्या, दाराखाली जुनं ब्लँकेट गुंडाळून दाबलं, न्हाणीघराच्या भिंतीतलं गोल भोक फळी ठोकून बंद केलं, आणि शेवटी किल्लीच्या भोकातसुद्धा कापूस घातला. (मग एकदा बाजारातून आलो तर किल्ली आत जाईना. तुमच्या बहिणीने आतून दार उघडलं, पण लगेच उघडलं नाही.) दिवसाला चौदा युनिट वीज लागायची ती आठावर आली. मी तक्ता करून फ्रिजच्या दारावर लावला. रोज सकाळी तो वाचताना मला जे समाधान मिळायचं ते निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मिळत होतं.

आता खरं सांगायचं तर काही बारीकसारीक गोष्टी तेव्हाच घडायला लागल्या होत्या. पुढचं दार लावलं की संडासाचं दार आपोआप उघडायचं. स्वयंपाकघरातला पंखा गरगर फिरायचा पण बाहेर काही जायचं नाही, त्यामुळे सोमवारी परतलेला कांदा बुधवारपर्यंत घरातच राहायला असायचा. सकाळी खिडक्यांच्या काचांवरून आतल्या बाजूने पाणी ओघळायचं. तुमची बहीण ते फडक्याने पुसायची, फडकं पिळायची आणि वाटीत जमलेलं पाणी माझ्या चहाशेजारी ठेवायची. हे कुठून आलं, असं तिचं विचारणं. मी म्हणालो, बाहेरून. ती म्हणाली, बाहेर सगळं कोरडं आहे, हा आपला दोघांचा श्वास आहे, रात्रभर सोडलेला, आणि आता तोच आपण परत घेतो आहोत. मला हे बोलणं जरा अतिच वाटलं. मग कपाटामागच्या भिंतीला काळी बुरशी धरली. ते कपाट मी पुढे सरकवलं नाही, तिने सरकवलं, त्यामुळे ती बुरशी दिसण्याची जबाबदारी तिच्याकडे जाते.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. रोज सकाळी उठली की कपाळ धरून बसायची आणि म्हणायची, कोंदट आहे. दिवसातून चाळीस वेळा कोंदट. मी म्हणालो, कोंदट हे माप नाही. तुम्हाला माझी नोकरी ठाऊक आहे. एकतीस वर्षं वजन-मापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानात शिरलो की दुकानदार चहा सांगायचा आणि मी सांगायचो, आधी पारडं रिकामं करा आणि काटा शून्यावर आहे ते दाखवा. लोक शपथा घ्यायचे, रडायचे, मुलाबाळांच्या डोक्यावर हात ठेवायला निघायचे. मी काट्याकडे बघायचो. माणूस बोलतो ते ऐकून घ्यायचं आणि काटा बोलतो ते लिहून घ्यायचं, हा माझा शिरस्ता. बायकोच्या नाकाला कुठल्या खात्याचा शिक्का आहे, असं मी एकदा विचारलंही. (हे तिने तुम्हाला सांगितलंच असेल. मी ते इतक्या जोरात म्हटलं नव्हतं.)

आमचं हे चाललेलं फोनवर ऐकून तुमच्या भाचीने, म्हणजे आमच्या लेकीने, तोडगा म्हणून एक डबी पाठवली. पाढ्यांच्या पुस्तकाएवढी, पांढरी, पुढे काच, आणि काचेत आकडा. माणसाने सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड खोलीत किती साचला ते तो आकडा सांगतो. मोकळ्या हवेत चारशेवीसच्या आसपास. आठशेच्या आत असेल तर हवा चांगली, बाराशेच्या वर गेला तर खिडकी उघडा. इतकं सोपं. बरोबर एक पुस्तिकाही होती, अकरा भाषांत, मुंगीच्या अक्षरात. मी तिच्यातलं हमीपत्र वाचलं आणि बाकीचं जपून ठेवलं. डबी बैठकीच्या खोलीत फळीवर ठेवली आणि वही घातली. नोंदी सकाळी दहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा अशा तीन वेळा. (म्हणजे कचेरीची वेळ. सवय जात नाही. रात्री झोपायच्या खोलीत नेऊन नोंद घ्या, असं तुमची बहीण म्हणाली होती. मी तिला सांगितलं, कामकाजाच्या वेळेबाहेरची नोंद ग्राह्य धरत नाहीत.)

पहिले आठ दिवस डबी सोळाशे-सतराशे दाखवत होती. तुमच्या बहिणीने नुसतं काचेकडे बोट दाखवलं, ते बोलण्यापेक्षा वाईट. पण मी अनुभवी माणूस. नवीन यंत्र नवीन जागी बुजतं, त्याला स्थिरावू द्यावं लागतं. आणि झालंही तसंच. दुसऱ्या आठवड्यात डबी स्थिरावली आणि आकडा सहाशेचाळीसवर आला. घर तेच, फटी बुजवलेल्या, खिडक्या बंद, आणि हवा उत्तम. मी त्या दिवशी जरा जास्तच बोललो असेन. त्यानंतर पाचेक आठवडे रोज सहाशे, सहाशेवीस, सहाशेचाळीस. तिचं डोकं दुखतच होतं. मी तिला वही दाखवायचो. ती पहाटे गुपचूप उठून खिडकीची पट्टी सोलायला बसायची आणि मी गुपचूप उठून तिला तसं करू द्यायचो नाही. (ती घोरते. घोरणं थांबलं की ती उठली हे मला कळतं. हे मी अडतीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही मनात ठेवा.) शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या नोंदीला सहाशेचाळीस होता. मी तो मोठ्याने वाचला. तिने पिशवी उचलली. या घरात तुमची डबी खरी आणि मी खोटी, तर मग तिलाच विचारा मी घरात आहे की नाही, असं म्हणाली आणि तुमच्याकडे आली.

दादा, इथून पुढे माझं डोकं चालेनासं झालं आहे. तेव्हा नीट लक्ष द्या.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आकडा चारशेतीस. मी घरात काहीही बदललेलं नव्हतं. एकही पट्टी हलवली नव्हती. तरी हवा एका रात्रीत सुधारली. मला वाटलं, घराची ऊब नीट साठली की हवाही आपोआप सुधारत असावी. मी तिला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिने आकडा पुन्हा एकदा सांगायला लावला आणि मग फोन ठेवला. त्या आठवड्यात मला डॉक्टरांकडे जावं लागलं. (का ते महत्त्वाचं नाही.) डॉक्टर म्हणाले, सगळ्या खिडक्या सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं सताड उघडा, भिंती गरम राहतात, नुसती हवा बदलते, विजेचं फारसं नुकसान नाही. घरी आलो, पट्ट्या सोलल्या, समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या. वारा आरपार गेला, फ्रिजवरचा तक्ता उडून माळ्यावर बसला. आणि डबीचा आकडा उतरायला लागला. चारशे, तीनशे, दोनशे, नव्वद, शून्य. शून्यावर जाऊन ती लुकलुकायला लागली. आता मोकळ्या हवेतच जर चारशेवीस असतो तर माझ्या बैठकीत शून्य कसा? हवा संपली की काय, असं मला वाटलं. हसू नका. एकटा माणूस घरात असला की असं काहीबाही वाटतं. मी धावत जाऊन खिडक्या लावल्या, तेव्हा कुठे आकडा परत चढला आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग ज्या दुकानात पंखे नि यंत्रं मिळतात तिथे गेलो. तिथला यंत्रवाला तरुण आहे, पण बोलतो असा की आपण त्याच्याकडे शिकायला बसलो आहोत. तो म्हणाला, तुमचं घर म्हणजे बूच लावलेली बाटली आहे. त्याने न्हाणीघराची फळी काढून त्या भोकात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. पंखा उत्तम. पण बाहेर फेकायला आत हवा यायला नको का? ती खिडकीतून येईना, कारण मी पट्ट्या पुन्हा लावल्या होत्या, म्हणून ती मोरीच्या जाळीतून यायला लागली. गटारातून येणारी हवा कशी असते ते लिहीत नाही, तुम्ही जेवायला बसला असाल. यंत्रवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, मग आत घेणारा दुसरा पंखा लावू. तो लावला. आता एक पंखा बाहेरची थंडी आत घेतो, हीटर ती गरम करतो आणि दुसरा पंखा ती गरम हवा उचलून बाहेर टाकतो. पत्रकातले लाल बाण मी स्वखर्चाने मोटर लावून पळवू लागलो. आठ युनिटांवर आलेली वीज सोळावर गेली. शिवाय बाहेर टाकलेली हवा बरोबर खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंच्या खिडकीत. त्या वर येऊन विचारून गेल्या की तुमच्याकडे रोज बटाटेच का असतात.

आता तिसरा उपाय म्हणून यंत्रवाला एक पेटी सुचवतो आहे. त्या पेटीत जाणारी हवा आणि येणारी हवा एकमेकींना न शिवता शेजारून जातात आणि जाताना जाणारीने आपली ऊब येणारीला देऊन जायचं. सासू-सुनेच्या बाबतीतसुद्धा हे इतक्या सहज जमत नाही, तर हवेच्या बाबतीत जमेल का, अशी माझी शंका आहे. वीज कंपनी म्हणते बंद करा. डॉक्टर म्हणतात उघडा. यंत्रवाला म्हणतो भोक पाडा. तुमची बहीण म्हणते, नाकाने बघा. एक ना धड, भाराभर चिंध्या.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे परवाची गोष्ट. पंखे बसवून आठेक दिवस झाले होते. वीज फार जाते म्हणून दोन्ही पंखे बंद केले, भोकं झाकली, खिडक्या लावल्या, म्हणजे घर अगदी पूर्वी होतं तसं केलं. याच घरात, याच बंद खिडक्यांत, याच डबीने पाच आठवडे सहाशेचाळीस दाखवला होता. परवा सकाळी दहाला तिने दाखवला अकराशेपन्नास. मी डबी हलवली, पुसली, बंद करून चालू केली, तिच्याकडे पाठ करून बसलो आणि एकदम वळून पाहिलं. अकराशेपन्नास. घर तेच, मी तोच, उलट घरात एक माणूस कमी, आणि आकडा जवळजवळ दुप्पट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं आहे. रात्री झोप येत नाही, दिवसा नोंदी सुचत नाहीत.

तेव्हा तुमच्या अनुभवाने एका शब्दात कळवावं, की खिडकी उघडी ठेवावी की बंद. तुमच्या बहिणीच्या येण्याबद्दल माझा कसलाच आग्रह नाही. तिला तिथे बरं वाटत असेल तर तिने सावकाश राहावं. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, तुमच्या कंबरेला जपा.

आपला (बहुतेक बाबतीत आज्ञाधारक),
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. पाकीट चिकटवणार होतो, पण त्याआधी डबी घेऊन यंत्रवाल्याकडे जाऊन आलो. त्याने पुस्तिकेचं चौदावं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि भिंग दिलं. ही डबी म्हणे आठवडाभरात तिला जी सगळ्यात चांगली हवा दिसते तीच बाहेरची मोकळी हवा असं धरून चालते आणि तिथून पुढे मोजते. म्हणून तिला आठवड्यातून एकदा तरी खरोखरच्या मोकळ्या हवेत न्यावं लागतं. आमच्या घरात मोकळी हवा तिने पाहिलेलीच नव्हती. पहिले आठ दिवस ती खरं बोलत होती, सोळाशे. मग आमची सगळ्यात कमी कोंदट हवा हीच मोकळी हवा, असा तिने समज करून घेतला आणि पुढे पाच आठवडे हजारभर कमी करून सांगत राहिली. मी खिडक्या उघडल्या तेव्हा खरी हवा तिच्या हिशेबात बसेना, म्हणून शून्य. पंखे चालू राहिले तेव्हा बाहेरची हवा तिने पाहिली आणि ती पुन्हा खरं बोलायला लागली. दादा, एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या दुकानात जाऊन आधी शून्य दाखवा म्हणत होतो. स्वतःच्या घरात आलेल्या काट्याला मी शून्य विचारला नाही, कारण तो माझ्या बाजूने बोलत होता. मी ज्या दुकानदारांना दंड केला त्यातले निम्मे तरी याहून बरे होते. मी भिंग यंत्रवाल्याला परत दिलं. तिथल्या स्टुलावर जरा बसलो आणि त्याने न मागता पाणी दिलं.

आणखी एक ता. क. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. वर मी आग्रह नाही असं लिहिलं आहे, ते खोटं आहे. डबी खरं बोलायला लागल्यावर पाकीट दोन दिवस तसंच ठेवून मी सगळे उपाय नीट तपासले. स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी आणि न्हाणीघराचा पंखा सर्वांत हळू ठेवला तर आकडा पाचशेवीसवर राहतो आणि वीज दहा युनिट जाते. झोपायच्या खोलीतसुद्धा रात्री डबी नेऊन पाहिली. पण हा आकडा एका माणसाचा आहे. दोन माणसांची हवा एका माणसाने तपासता येत नाही, हे तुम्हालाही पटेल. तेव्हा चाचणीपुरती दोन रात्री तरी तिला पाठवावी, असं लिहिणार होतो. तेही लिहीत नाही. नुसतीच पाठवा. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी आकडा दोनशेने खाली आला, तो ऊब साठल्यामुळे नव्हे. घरातला एक श्वास कमी झाला म्हणून आला. डबीला विचारा म्हणाली होती, आणि डबीने सांगितलंही होतं, मला वाचता आलं नाही. आणि डॉक्टरांकडे मी गेलो होतो तो डोकेदुखीसाठी. माझंही डोकं रोज सकाळी दुखायचं. ती कपाळ धरून बसायची आणि मी वर्तमानपत्र धरून बसायचो, एवढाच फरक. हे तिला तुम्ही सांगू नका. योग्य वेळ बघून, जमेल तसं, मी सांगेन.

शेवटचं ता. क. आत्ताच तुमच्या सूनबाईंचा फोन होता. सोमवारी तुमच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली आहे, हे मला आता कळतं आहे. डोळ्याची काळजी घ्या. वर्तमानपत्रापासून औषधांच्या पुड्यांपर्यंत सगळं तुमची बहीण तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवते, असंही सूनबाई म्हणाल्या. म्हणजे हे पत्रही. सगळी पानं पुन्हा लिहायची माझ्यात ताकद नाही आणि खाडाखोड केलेला कागद आमच्या खात्यात ग्राह्य धरत नाहीत. तेव्हा जे आहे ते तसंच पाठवतो आहे.

तर मग ऐक. घोरण्याचं तू वाचून झालीच असशील, त्याला आता इलाज नाही. नाकाच्या शिक्क्याचं मी जोरातच म्हटलं होतं. पट्ट्या सगळ्या काढल्या आहेत, तुझ्या बाजूची खिडकी सोडून, ती तू आल्यावर तुला हवी तेवढी उघड. आता पुढची ओळ मोठ्याने वाचू नकोस, मनात वाच.

माझं चुकलं, आणि तुझ्याशिवाय मला या घरात करमत नाही.

वाचलंस? आता दादांना सांग, पत्र संपलं.